शिडावरच्या उड्या

लग्न होऊन मी लालबागला आले तेव्हा मला माझ्या मोठ्या जाऊबाईंची भीती वाटायची. उंच, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या. त्या शिवणाच्या मशीनवर बसल्या की तिचा खडखडाट अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. मी फणसवाडीत वाढलेली. आमच्याकडे भांडणंसुद्धा दार लोटून व्हायची. इथे सगळं उघड्यावर, गॅलरीत, मोठ्यानं. पहिला महिनाभर मी त्यांच्याशी ‘हो वैनी’ आणि ‘नाही वैनी’ एवढंच बोलले असेन.

मग परळच्या मैदानात सर्कस आली. माझे यजमान गिरणीत फिटर होते. त्यांना खात्यातल्या कुणीतरी दोन तिकिटं दिली होती, पण नेमकी त्या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी लागली. थोरले दीर संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून घरी येत ते फक्त जेवायला. तेव्हा तिकिटं आम्हा दोघी जावांच्या वाट्याला आली. वैनींनी मशीनवर कापड टाकलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘‘चल गो.’’

हत्ती झाले, विदूषक झाले. शेवटी झुल्यावरच्या मुली वर चढल्या. त्यातल्या एकीचा हात सुटला. मी डोळेच मिटले. तंबूभर ‘आऽऽ’ झालं आणि वैनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की दुसऱ्या दिवशीही त्यावर वळ होते.

‘‘बघितलंस? वर इली गो ती! परत वर इली!’’

मी डोळे उघडले. खाली ताणलेल्या जाळ्यानं त्या मुलीला चेंडूसारखं वर फेकलं होतं. ती हवेत हसत होती. पुन्हा पडली, पुन्हा उडाली, आणि मग जाळ्याच्या काठावरून कोलांटी घेऊन खाली उतरली.

घरी येताना वैनी गप्प होत्या. हे इतकं नवल होतं, की मीच विचारलं, ‘‘काय झालं हो वैनी?’’

त्या भर रस्त्यात थांबल्या. ‘‘माका त्या जाळ्यार पडूचा आसा,’’ त्या म्हणाल्या. मी हसले. त्या हसत नव्हत्या. ‘‘खरंच सांगते. एकदा तरी त्या जाळ्यावर पडायचंय मला. तुला नाही वाटलं?’’

मला वाटलं होतंच. त्या रात्री जेवण वाढतानाही माझ्या पोटऱ्या नुसत्या शिवशिवत होत्या.

आठवडाभर आम्ही दुसरं काही बोललोच नाही. भाकऱ्या थापताना, नळावर, कपडे वाळत घालताना, तेच. असं जाळं मिळेल कुठे? आपल्याला बांधता येईल का? पोरांना किती आवडेल! चाळीत पोरं मुबलक होती आणि खेळायला होता तो जिन्यापुढचा अंगणाचा तुकडा. वाढदिवसाला, बारशाला, गणपतीत लोक मंडप भाड्यानं आणतात, खुर्च्या आणतात, लाउडस्पीकर आणतात. मग उड्या का आणू नयेत? हे ‘भाड्यानं’ पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं, त्यावरून आम्ही दोघी पुढे कितीतरी वर्षं वाद घालत होतो. माझ्या मते ते माझंच होतं.

आमच्याकडे वरळी कोळीवाड्यातून एक कोळीण मासे घेऊन यायची. वैनींनी तिला जाळ्याबद्दल विचारलं. ती पाटीवरचा बोंबील हातात धरून आमच्याकडे बघत राहिली.

‘‘जाल्यावर पोर नाचवशील? पाय आरपार जाईल ना गो त्याचा! तुला जालं नको, शीड पायजे.’’ तिच्या नवऱ्यानं होडीला नुकतंच इंजिन बसवलं होतं. जुनं शीड घरात माळ्यावर पडून होतं. ‘‘पन शीड बांधशील कुठं? होरी कुठं हाय तुझी?’’

तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. वैनींनी मुलीच्या सगळ्या चोळ्या शिवून द्यायच्या आणि बदल्यात शीड घ्यायचं, असा सौदा झाला. आम्ही कोळीवाड्यात गेलो. सुकत घातलेल्या मासळीच्या ओळींमधून, जेमतेम एक माणूस जाईल अशा गल्ल्यांतून तिच्या घरी पोचलो. शीड माळ्यावरून खाली आलं तेव्हा अर्धी खोली त्यानं भरली. जाड, मातकट झालेलं, हाताला खरखरीत. त्याला मिठाचा, उन्हाचा आणि माशांचा वास होता. दोघींनी डोक्यावरून ते आणलं तेव्हा मधे दोनदा बसावं लागलं, आणि दोन्ही वेळा आम्हाला हसूच आवरेना.

चाळीच्या दारात मामंजी, म्हणजे आमचे सासरे, बाकड्यावर बसले होते. गिरणीतून निवृत्त झालेले, बोलायला कडक. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं.

‘‘ह्यां काय? चाळीत होडी सोडतल्यात काय?’’

वैनींनी सगळं सांगून टाकलं. मामंजींनी तपकीर ओढली. ‘‘उड्ये मारूक लोक पैशे दितले? फुकट मारूक येनत नाय?’’ असं म्हणून ते उठून वर गेले. पण नको म्हणाले नाहीत, हे आम्ही दोघींनी लगेच हेरलं.

शीड तीनदा धुतलं. वैनींनी त्याचा मोठा चौकोन कापला, काठ दुमडून दोर आत घातला आणि मशीनची सुई मोडल्यावर उरलेलं सगळं दाभणानं हातानं शिवलं. यजमानांना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ते अंगणात शिडाभोवती फेऱ्या मारत राहिले. फिटर माणूस, त्यांना चौकट दिसायला लागली होती. सुट्टीच्या दिवशी ते भंगारवाल्याकडून लोखंडी नळ्या घेऊन आले. चार पाय, चार बाजू, सगळं नट-बोल्टनं जोडायचं आणि सोडायचं. उंची मांडीएवढी. त्यांनी कोपरे इतके पक्के केले, की चाळीतले चौघे पैलवान गडी चौकटीवर बसले तरी ती हलली नाही.

दोरीनं शीड चौकटीला ताणून बांधलं. अंगणात सगळी चाळ जमली. वैनी चढल्या, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली.

धप्प! लाकडी खाटेवर आपटावं तसा आवाज झाला. वैनी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. ‘‘अगो आई!’’ म्हणत कंबर धरून उतरल्या. गॅलरीतून हशा झाला. कुणीतरी वरून ओरडलं, ‘‘काय वैनी, सर्कस बंद?’’

मला रडू फुटायचं बाकी होतं. चार दिवस ते शीड जिन्याखाली गुंडाळलेलं राहिलं. येता-जाता लोक विचारायचे आणि आम्ही मान खाली घालून जायचो. पाचव्या दिवशी मी गॅलरीत उभी होते. खाली एक सायकलवाला आला. त्याच्या कॅरियरवर डबा होता आणि डब्यावरून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून अडकवली होती. त्यानं पट्टी ओढली, सोडली. फट्! ती परत जागेवर गेली.

मी चप्पल न घालताच जिना उतरले. वैनी नळावर होत्या. ‘‘वैनी, ट्यूब! दोरी नाही, ट्यूब!’’

त्यांनी कळशी तिथेच ठेवली. नाक्यावरच्या सायकल दुकानदारानं जुन्या ट्यूबांचा ढीग आम्हाला असाच दिला. त्याला जागा रिकामी झाल्याचाच आनंद. पट्ट्या कापल्या, तिहेरी केल्या, शिडाच्या कडेपासून नळीपर्यंत जवळजवळ बांधत गेलो. बोटं काळी झाली. या वेळी कुणालाच बोलावलं नाही. दुपारची वेळ होती. पुरुष पाळीवर आणि पोरं शाळेत. वैनी म्हणाल्या, ‘‘आता तू. ट्यूब तुझी.’’

मी गोल पातळ, पाचवारी, नेसायची. पाय अडकतील म्हणून आत जाऊन वैनींचं नऊवारी नेसून आले, कासोटा घट्ट मारला. चढले. हळूच गुडघे वाकवले आणि वर गेले.

काय सांगू! क्षणभर मला माझं वजनच लागेना. खाली आले तर शिडानं झेललं आणि आणखी वर फेकलं. मला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतल्या कुंड्या दिसल्या. मी ओरडत होते. वैनी खाली टाळ्या पिटत होत्या. ‘‘उतर, उतर आता, माझी पाळी!’’ मग त्या चढल्या, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज असा काही घुमला, की मजल्यामजल्यावरून बायका धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं कुणीतरी पडलं.

पोरं शाळेतून आली ती जेवायलाच वर जाईनात.

पहिलं काम आपण होऊन चालत आलं. दादरच्या एक बाई वैनींकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. त्यांनी अंगणात पोरांची रांग पाहिली आणि विचारलं, ‘‘हे भाड्यानं देता का हो? आमच्या मुलाचा वाढदिवस आहे.’’ वैनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वैनींकडे. मग वैनींनी तोंडाला आलं ते भाडं सांगून टाकलं. बाई लगेच ‘बरं’ म्हणाल्या. त्या गेल्यावर वैनींनी कपाळावर हात मारला, ‘‘कमी सांगितलं गो!’’ आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही एकमेकींचे हात धरून नाचत होतो.

वाढदिवसाच्या दिवशी हातगाडी ठरवली. नळ्या, शीड, बाजूनं टाकायला गाद्या, सगळ्यावर ताडपत्री. यजमान पाळीवर होते, म्हणून हातगाडीवाला आणि आम्ही दोघीच निघालो. मी मुद्दाम नऊवारी नेसले होते. परळपर्यंत ठीक आलो. तिथे सगळा रस्ता माणसांनी भरलेला. मोर्चा होता. झेंडे, फलक, गिरणीतून सुटून थेट आलेले कामगार, बायका, म्हातारी माणसं. घोषणा अशा उठत होत्या, की हातगाडीच्या नळ्या थरथरत होत्या. ‘‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...’’ ‘‘झालाच पाहिजे!’’ आम्हीही हात वर करून ओरडलो. आमच्या घरचीच घोषणा होती ती. थोरले दीर सत्याग्रहात तुरुंगात जाऊन नुकतेच सुटले होते.

बाजूनं गाडी काढावी म्हणून कडेकडेनं निघालो तर पोलिसांनी अडवलं. एक इन्स्पेक्टर पुढे आला. त्यानं ताडपत्री उचलली. खाली लोखंडी नळ्या.

‘‘हे काय आहे?’’

‘‘उड्या मारायचं आहे साहेब,’’ मी म्हणाले.

‘‘काय मारायचं?’’

‘‘उड्या. दादरला मुलाचा वाढदिवस आहे.’’

त्यानं एक नळी हातात घेऊन तोलून पाहिली. ‘‘वाढदिवसाला लोखंडी नळ्या? मोर्चाच्या बाजूनं? गाडी चौकीवर घ्या.’’

मी वैनींकडे पाहिलं. ज्या बाईला मी कधी कुणापुढे मागे सरलेलं पाहिलं नव्हतं, तिचे ओठ पांढरे पडले होते. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘‘ह्यांचं नाव विचारलं तर? आत्ताच सुटून आलेत. परत नेतील गो.’’

तिकडे दादरला मुलं वाट बघत असणार. आमचं पहिलंच काम. मला एकदम धीर आला. कुठून ते माहीत नाही.

‘‘साहेब,’’ मी म्हणाले, ‘‘इथेच लावून दाखवतो. खोटं निघालं तर चौकीवर न्या.’’

इन्स्पेक्टरनं घड्याळ पाहिलं, मोर्चाकडे पाहिलं. ‘‘लावा. लवकर.’’

आम्ही फुटपाथवर चौकट उभी केली. वैनींचे बोल्ट एकेक करत बरोबर बसत गेले. ट्यूबा अडकवल्या. भोवती माणसं जमली, मोर्चातलेही काही कडेला थांबले. कुणाला वाटलं, भाषणासाठी व्यासपीठ बांधतायत. एकानं विचारलंसुद्धा, ‘‘कोण बोलणार आहे ताई?’’

मी चपला काढल्या, कासोटा चाचपला आणि चढले. एक लहान उडी. मग मोठी. मग आणखी मोठी.

वरून मला जे दिसलं ते त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. नजर पोचेल तिथवर डोकी आणि टोप्या आणि झेंडे, दोन्हीकडच्या चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या, गिरणीची चिमणी, आणि सगळे चेहरे एकेक करत माझ्याकडे वळत होते. मी खाली आले, पुन्हा वर गेले. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, ‘‘संयुक्त महाराष्ट्र...’’ आणि मी शिडावर आपटले तेव्हा शेकडो गळ्यांतून आलं, ‘‘झालाच पाहिजे!’’ मी वर, ‘‘संयुक्त महाराष्ट्र’’; मी खाली, ‘‘झालाच पाहिजे!’’ माझा अंबाडा सुटला. मला थांबताच येईना, आणि खरं म्हणजे थांबायचंही नव्हतं. मला धाप लागली होती आणि मी हसत होते आणि मीही ओरडत होते.

‘‘बास! बास, बाई! उतरा खाली!’’ इन्स्पेक्टर हात हलवत होता. त्याच्या मागचा हवालदार तोंड फिरवून हसत होता. खांदे हलत होते त्याचे. इन्स्पेक्टरनं स्वतः शिडावर तळहात दाबून पाहिला, ट्यूब ताणून पाहिली. ‘‘हे कुणी केलं?’’

‘‘आम्ही दोघींनी,’’ वैनी म्हणाल्या. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता. ‘‘चौकट माझ्या दिरानं केली.’’

‘‘जा. मागच्या गल्लीनं जा.’’

सामान भरेपर्यंत तो हवालदार जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘आमच्या पोलीस लाइनीत गणपतीला आणाल का हो हे? पोरं फार आहेत.’’ आमचं दुसरं काम असं भर मोर्चात ठरलं.

दादरला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. बाई फाटकात उभ्या होत्या, मुलं कंटाळून एकमेकांना ढकलत होती. आम्ही काहीच सांगत बसलो नाही. पाचएक मिनिटांत चौकट उभी केली. बूट काढा, खिसे रिकामे करा, एका वेळी दोघंच. ज्याचा वाढदिवस होता तो मुलगा मात्र चढेना. जरीची टोपी घालून आईच्या पदरामागे उभा. वैनींनी त्याला उचललं आणि शिडाच्या मधोमध मांडी घालून बसवलं. ‘‘तू काही करू नको. राजासारखा बस.’’ मग कडेला एक मुलगी हळूहळू उडायला लागली आणि तो बसल्या बसल्या वर-खाली व्हायला लागला. आधी घाबरला, मग त्याचा चेहरा खुलला, मग तो इतका खदखदून हसला, की त्याची आई रडायला लागली. फार दिवस आजारी होता म्हणे तो. संध्याकाळी त्याला उतरवायला तिघं लागली.

त्या गणपतीत आम्ही एक दिवसही घरी नव्हतो. मग नवरात्र, बारशी, मुंजी, गिरगावातली एक शाळा. यजमानांनी दुसरी चौकट केली. कोळिणीनं शेजारणीचं शीड मिळवून दिलं. काम दोघींना आवरेना तेव्हा एक दिवस मामंजी छत्री घेऊन हातगाडीबरोबर निघाले. कामाच्या जागी खुर्ची मागून घेतली आणि शिडाशेजारी बसून छत्री आपटत राहिले, ‘‘दोगांनीच! ए, दोगांनीच चढा!’’ त्यानंतर ते कुठलंच काम चुकवेनात. पोरं त्यांना जितकी घाबरायची तितकीच त्यांच्याभोवती घोटाळायची.

आणि मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. चाळीत गुलाल होता, ढोल होते, थोरले दीर लहान मुलासारखे सगळ्यांना मिठ्या मारत होते. आम्हाला मात्र बसायला वेळ नव्हता. त्या दिवशी जो तो शीड मागत होता. दोन्ही चौकटी दोन दिशांना पाठवायच्या होत्या, आणि वैनी म्हणाल्या, ‘‘मी गिरगावात जाते, मामंजी माझ्याबरोबर. तू प्रभादेवी घे.’’

‘‘एकटी?’’

‘‘मग काय झालं? जा गो!’’

प्रभादेवीच्या एका गल्लीत मी सकाळपासून उभी होते. तोरणं, पताका, पेढे. पोरांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. ओरडून ओरडून माझा घसा बसला. उन्हं कलली तशी पोरं दमली, तेव्हा तीन-चार बायका पुढे आल्या. माझ्याच वयाच्या, केसांत गजरे, कपाळाला गुलाल. त्यातली एक पदर चाचपत म्हणाली, ‘‘पोरांचं झालं असेल तर... आम्ही चढलो तर चालेल?’’

‘‘कासोटा घट्ट आहे ना?’’ मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि चपला काढायला वाकल्या. मागून आणखी बायका आल्या. गल्लीतले पुरुष आधी बघत राहिले, मग टाळ्या वाजवू लागले.

घरी आले तर वैनी माझ्या आधी पोचून दारातच उभ्या होत्या. केस विस्कटलेले, अंगभर गुलाल, डोळे नुसते चमकत होते. ‘‘ऐक, गिरगावात काय झालं...’’ त्या म्हणाल्या आणि त्याच वेळी मी म्हणाले, ‘‘वैनी, प्रभादेवीला काय झालं...’’ दोघींपैकी कुणीच थांबेना. मामंजी दोनदा ‘जेवण’ म्हणाले, ते आम्हाला ऐकूच गेलं नाही.